सगळ्यांची दुसरी पसंती

अण्णा,

तुम्ही गेल्याचं मला बातमी म्हणून कुणी सांगितलं नाही. ते माझ्याकडे काम म्हणून आलं. सकाळी दस्तगीर टांगा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वसंतभाऊ, भोंगा बांध्या है. चलो." मी विचारलं, "कुठला पिक्चर?" तो घोड्याच्या मानेकडे बघत राहिला, तेव्हा मला समजलं.

इतकी वर्षं मी टांग्यात बसून ह्या शहरात ओरडतोय. सिनेमा, सर्कस, चादरींचा सेल, हरवलेली म्हैस, आणि निवडणूक आली की सगळे पक्ष. सकाळी एकाचा, दुपारी दुसऱ्याचा, मजकूर तोच, नाव तेवढं बदलायचं. तुमच्यासाठी तर मी दर खेपेला ओरडलो आणि दर खेपेला तुम्ही पडलात. तुमचं नाव घेतलं की पुढचे शब्द काय यायचे, हे माझ्या जिभेला मला न विचारता ठाऊक झालं होतं. त्या सकाळी पहिल्याच चौकात मी सुरुवात केली, "आपल्या सर्वांचे लाडके, भुसार दुकानदार मल्लिनाथ अण्णा यांना..." आणि जीभ आपल्या वाटेनं निघून गेली: "...प्रचंड मतांनी विजयी करा."

दस्तगीरनं लगाम ओढला. चौकातली माणसं होती तिथं थांबली. पानवाल्यानं डोक्यावरची टोपी काढून तोंडाला लावली. तो हसत होता की रडत होता, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. मग मी घसा साफ केला आणि नीट सांगितलं: लिंगैक्य झाले, अंत्ययात्रा दुपारी राहत्या घरून. तुम्ही ऐकत असता तर म्हणाला असता, "काय बे वसंत्या, आता तरी पाडू नकोस की."

तुमच्या समाजाच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून नेलं. फुलांनी मढवलेल्या विमानात, ताठ, कपाळावर विभूती. आयुष्यभर उभे राहिलात अण्णा, आणि बसलात ते असे. मी हे बाजूच्या माणसाच्या कानात बोललो. तो दचकला. त्याला दचकलेला बघून मला तुमची फार आठवण झाली, कारण असलं काही बोलल्यावर दचकायचं नाही, हे कळणारा माणूस तर विमानात बसला होता.

तुमचा जन्म, शिक्षण, मागे कोण कोण आहे, हे सगळं पेपरात चार ओळींत येऊन गेलं. त्यात तुमच्या पक्षाचं नाव चुकीचं छापलंय. मी त्यात पडत नाही. मला नळाचं बोलायचं आहे, कारण आपला वाद तिथंच अर्धा राहिला, आणि तुम्ही गेल्यानंतर नळावर जे घडलं ते तुम्हाला सांगणारं दुसरं कोणी नाही.

हे दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्यालाही कळावं म्हणून थोडं सांगतो. आपल्या बोळाला नळ एकच. वरच्या टोकाला हातमागवाले, घरात तेलुगू बोलणारे. मधे तुम्ही दुकानदार मंडळी, घरात कन्नड आणि गिऱ्हाइकाशी मराठी. खालच्या टोकाला गिरणी कामगारांच्या खोल्या, करमाळा-बार्शीकडून आलेल्यांच्या. पाणी पहाटे येतं आणि त्याच्या मनाला येईल तेव्हा जातं. म्हणून बोळाचा एक नळपंच असतो. कोणत्या टोकानं आधी भरायचं, घरामागे किती घागरी, पाहुणे आले तर किती जादा, हे तो ठरवतो आणि बाकीच्यांनी ऐकायचं. दुष्काळाच्या साली ह्या पंचाचा जेवढा दरारा होता तेवढा मंत्र्याचा नव्हता. मंत्री आला तर लोक दारात उभे राहायचे. पंच आला तर घागर घेऊन उभे राहायचे.

जुना पंच म्हातारपणी मुलाकडे जेऊरला राहायला गेला, तेव्हा आणीबाणी चालू होती. देशातल्या निवडणुका पुढे ढकललेल्या. तुमच्या लहानशा पक्षाचे पुढारी आत गेलेले. तुम्हाला मात्र कुणी धरलं नाही, आणि ते तुम्हाला लागलं होतं. तुम्ही पिशवी भरून ठेवली होती: धोतर, टॉवेल, विभूतीची डबी. हवालदार बोळात शिरला की तुम्ही कोट चढवायचात, आणि तो अर्धा किलो तूरडाळ बांधून घेऊन परत जायचा. तुमच्या घरच्या गौराक्का म्हणायच्या, "पिशवीतला टॉवेल तरी द्या बाहेर. दुसऱ्या कामाला येईल." हा किस्सा मी गावभर रंगवून सांगितला. हवालदाराची चालसुद्धा करून दाखवायचो. तुम्ही समोर बसलेले असायचात आणि एवढंच दुरुस्त करायचात की डाळ अर्धा नव्हे, पाऊण किलो होती.

त्याच दिवसांत एकदा तुम्ही गल्ल्यावरून म्हणालात, "देशात मतदान नाही तर नाही. आपण बोळात घेऊ."

आपला वाद त्याच्याही आधीचा. तुमच्या दुकानात ज्वारीच्या पोत्यावर बसून मी किती वर्षं तो खेळलो. तुमचं म्हणणं असं की आपल्याकडे कागदावर एकाच नावापुढं शिक्का मारायचा, हीच गोम आहे. चौघं उभे राहिले की मतं चार वाटांनी जातात. शंभरातल्या पस्तीस जणांना जो हवा तो बसतो, आणि उरलेले पासष्ट पाच वर्षं त्याचं तोंड बघतात. पुढच्या खेपेला लोक शहाणे होतात. मनातल्याला मत देणं सोडून येणाऱ्याला देतात. असं करत लहान पक्ष मरतात आणि दोन मोठी दुकानं उरतात.

मी म्हणायचो, "दोनच बरी. एकानं लुबाडलं की दुसऱ्याकडं जाता येतं. दहा जणांनी मिळून सरकार केलं तर शिव्या कुणाला द्यायच्या अण्णा? लोकशाहीत शिव्या द्यायला एक ठराविक माणूस लागतो."

"तुला काय बे, तुला दोघांकडूनबी भाडं मिळतंय."

"आणि तुम्हाला पक्ष तरी कशाला? एकटे उभे राहा की. तसेही एकटेच पडता."

तेव्हा तुम्ही माप खाली ठेवून जे बोललात ते मी नंतर तुमचं नाव न घेता तीन पक्षांच्या सभांत वापरलं. "नळाचं पाणी ओंजळीत धरून घरी नेता येतं का? घागर लागते. पक्ष म्हणजे घागर. माझी लहान आहे, पण गळकी नाही."

तर नळपंचाच्या निवडणुकीला तुम्ही तुमची लाडकी पद्धत आणली. कागदावर तीन चित्रं. तुमचा तराजू. हातमागवाल्यांचे वडीलधारे नरसय्या, त्यांचा मागावरचा धोटा. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, बाबूराव, त्याचं धुराडं. जो सगळ्यात पसंत त्याच्यापुढं एक ठिपका, त्याच्या खालोखाल जो चालेल त्याच्यापुढं दोन ठिपके. पहिल्या पसंतीत जो सगळ्यांच्या मागे राहील तो बाद, आणि त्याचे कागद ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीला वाटून टाकायचे. म्हणजे कुणाचं मत वाया जात नाही, आणि शेवटी बसतो तो निम्म्याहून जास्त बोळाला चालणारा. मुदत एक वर्ष. मतमोजणी माझ्याकडे, आणि जो मोजणार त्याला मत नाही, हा नियमही तुमचाच.

तुम्हाला भीती एकच होती. दोन ठिपके एका ठिपक्यापेक्षा जास्त दिसतात, तेव्हा लोक मान म्हणून आवडत्याला दोन देतील. म्हणून तुम्ही मला टांग्यात बसवलंत. मी मराठीत ओरडलो, मोडक्या कन्नडमध्ये ओरडलो, तेलुगूत नरसय्याच्या सुनेनं शिकवलेलं एक वाक्य ओरडलो, दख्खनीत दस्तगीरनं मागे वळून दुरुस्त केलं. एक म्हणजे पहिला. दोन म्हणजे दुसरा. सर्कशीलासुद्धा मी एवढा घसा दिला नव्हता. आणि खरोखर, ती चूक बोळात एकाही माणसानं केली नाही.

बाबूरावचा प्रचार तुम्हाला आठवतो ना? तो घरोघर पडलेला चेहरा घेऊन गेला. "मला काय मतं पडत न्हाईत, म्या आपला हुबा ऱ्हायलोय. अण्णाच येत्यात. पर शून्य पडलं तर गिरणीत तोंड दावता यायचं न्हाय, येवढंच." एवढं बोलून चहासुद्धा न घेता पुढच्या दाराला. मी भल्या भल्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकली आहेत. ह्याच्या तोडीचं एकही नाही.

मतमोजणी तुमच्या दुकानात झाली. चित्राला एक अशा तीन चाळण्या मी मांडल्या आणि एकेक कागद उघडून आवाज लावून वाचायला लागलो. धोटा. धुराडं. धोटा. धुराडं. धुराडं. मी मुद्दाम सावकाश वाचत होतो, तुमची फिरकी घ्यायला. मला वाटत होतं, पुढच्या कागदावर तराजू येईल. मग कागदच संपले.

तुमची चाळण रिकामी होती.

मी सगळे कागद पुन्हा पाहिले. तराजूपुढं दोन ठिपके होते. एक सोडून प्रत्येक कागदावर. हातमागवाल्यांनी एक ठिपका आपल्या नरसय्यांना दिला होता आणि दोन तुम्हाला. गिरणीवाल्यांनी एक बाबूरावला आणि दोन तुम्हाला. आणि तुमच्या शेजारपाजारच्या दुकानदारांनी, तुमच्या सोयऱ्यांनी, ज्यांच्या पोरांच्या फिया तुम्ही भरल्यात त्यांनी विचार केला की अण्णा तर येणारच, मग ह्या बिचाऱ्या बाबूरावला एक ठिपका दिला तर काय बिघडतंय? प्रत्येकानं एकट्यानं विचार केला आणि सगळ्यांनी तोच केला. बाबूराव दयेवर निवडून आला. तुम्ही पहिल्याच फेरीत बाद, आणि तुमचे कागद वाटायचे तर वाटायला कागदच नव्हता.

"अक्का, तुम्ही सुद्धा?" मी आतल्या दाराकडे बघून विचारलं.

"मग काय करू?" गौराक्का म्हणाल्या. "हे पहाटे नळावर हुकूम सोडत बसले तर दुकान कोण उघडणार?"

फक्त एका कागदावर तराजूपुढं एकही ठिपका नव्हता, धोट्याला एक आणि धुराड्याला दोन. मी तो वर धरला. तुम्ही म्हणालात, "माझा आहे तो. स्वतःला मत देणं जमलं नाही बे. आपल्याच हातानं आपल्या पानात वाढून घेतल्यासारखं झालं." आणि मग तुम्ही हसायला लागलात. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तुमच्या इतक्या पराभवांना हजर होतो, पण तुम्हाला इतकं आवडलेला हा एकच.

हसू ओसरल्यावर तुम्ही विचारलंत, "तुला मत असतं तर कुणाला दिलं असतंस?"

मी म्हणालो, "मतदान गुप्त असतं अण्णा."

ते अजून गुप्तच राहिलं आहे. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्खं सोलापूर सांगेल.

संध्याकाळी सगळा बोळ दुकानासमोर. नरसय्या पुढे झाले. "अण्णा, हे बरोबर नाही झालं. सगळ्याला तुम्हीच पाहिजे होतं." दुकानदार माना हलवत होते, कारण त्यांनाच जास्त लाज वाटत होती. बाबूरावसुद्धा म्हणाला, "म्या बी तुमालाच दोन दिलेत की. हात वर करून घ्या. माजी ना न्हाय." एका क्षणात झालं असतं. सगळे हात वर गेले असते आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा निवडून आला असता.

तुम्ही म्हणालात, "आज हात वर करून बसवाल, उद्या हात वर करून उठवाल. कागद बोलले ते बोलले. एक वर्ष."

"पण अण्णा, चूक झाली ना लोकांची," मी म्हणालो.

"मग पुढच्या जूनला दुरुस्त करा. कागदावर."

त्यावर आपण किती भांडलो. माझा मुद्दा असा की पद्धत चांगली आहे की वाईट, हे कागदावर ठरत नाही, बोळ बघून ठरवायचं असतं. जिथं शून्य पडणाऱ्याची दया येते तिथं तुमची पद्धत केविलवाण्याला गादीवर बसवणार. साधा एक शिक्का असता तर लोकांनी एवढं औदार्य केलं नसतं, मुकाट्यानं तराजूवर मारला असता. तुम्ही म्हणायचात, सायकल शिकताना पडलो म्हणून सायकल मोडीत काढायची का? दोन-तीन वर्षांत लोक शिकतील की ज्याला पहिला मानतो त्यालाच पहिला लिहायचं. मी म्हणायचो, लोक पद्धतीकडून शिकत नाहीत, पद्धतच लोकांकडून बिघडायला शिकते. हा वाद तुम्ही जिंकला नव्हता, आणि मीही नाही.

वर्ष अवघड गेलं. आधी बाबूरावनं खालच्या टोकाला पहिला नंबर दिला, गिरणीची पाळी असते म्हणून. ते रास्त होतं. मग सुट्टीच्या दिवशीही खालचं टोक पहिलं. मग कुणी काही विचारलं तर त्याच्या घराला एक घागर कमी. हातमागवाल्यांना सुताला खळ द्यायच्या पांजणीला पाणी पुरेना. तुमच्या घराचा नंबर शेवटी, आणि शेवटी म्हणजे कधी कधी नुसता नळाचा घशातला आवाज. लोक तुमच्याकडे यायचे: "अण्णा, उठवू या त्याला." तुमचं उत्तर ठरलेलं, जूनपर्यंत. गौराक्कांनी एकदा गिऱ्हाइकांदेखत सुनावलं होतं, "तुमच्या लोकशाहीला आंघोळ लागत नाही. मला लागते." तुम्ही मान खाली घालून साखर जोखत होतात.

मग जानेवारी आला. निवडणुका जाहीर झाल्या, तुमचे पुढारी सुटून आले, आणि सगळे विरोधी पक्ष एक झाले. त्यात तुमचा पक्ष विरून गेला. त्याचं नाव गेलं, निशाणी गेली. तुम्ही दुकानावरची पक्षाची पाटी उतरवलीत, उलटी केलीत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रंगवून घेतलंत, "मंगळवेढ्याची ज्वारी मिळेल." मी त्यावरही काहीतरी बोललो असणार. तुम्ही नेहमीसारखे हसला नाहीत, एवढं मला आठवतं.

आपल्या सोलापूरचा निकाल तुमच्या मनासारखा लागला नाही, पण देशाचा लागला. मार्चमध्ये रेडिओवर सरकार पडल्याचं ऐकलं त्या दिवशी मी दुकानात आलो तोच छाती काढून. "बघा अण्णा, सगळ्या लहान घागरी एका हौदात ओतल्या तेव्हाच हे जमलं. म्हणजे दोनच दुकानं पाहिजेत. माझंच खरं."

"ओतलंय खरं," तुम्ही म्हणालात. "हौद बांधलाय का ते कुणी बघितलं नाही अजून." आणि पुढं, "कोण जिंकलं त्याचं मला फार नाही वसंत्या. हरलेला घरी गेला. कुणी ढकललं नाही, कुणी गोळी झाडली नाही. कागद मोजले आणि गेला. हे एकदा डोळ्यानं बघायचं होतं."

मी त्या वेळी ते ऐकून सोडून दिलं. आता रोज ऐकू येतं.

त्याच आठवड्यात बाबूराव तेल घ्यायला आला, तेव्हा तुम्ही त्याला चहा पाजलात आणि सांगून टाकलंत, "जूनला मी तुला पाडणार."

"पाडा की. म्या काय ताम्रपट घिऊन आलोय व्हय? पर तवर नळ माजा."

"तोवर तुझाच."

आणि मे महिन्यात तुम्ही निघून गेलात. कामं अर्धी टाकून जाण्याची तुमची पद्धत नव्हती.

आता नळाची बातमी. तुमचे दिवस चालू होते. सगळा बोळ तुमच्या ओसरीवर बसला होता. बाबूरावच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. नाटकी पाणी मला लांबून ओळखू येतं. तो म्हणाला, "अण्णांसारका मानूस गेला. औंदा निवडणूक करून कसं चालंल? बोळाला सुतक हाय. अण्णांच्या नावानं येक वरीस थांबू. फुडच्या साली बगू."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या. नरसय्यांनीसुद्धा. कोण नाही म्हणणार? तुमच्या दुःखात निवडणूक मागणारा माणूस निर्दय ठरला असता. ज्या सभ्यपणानं तुम्हाला पाडलं होतं, तोच पुन्हा ओसरीवर येऊन बसला होता. बाबूरावच्या मनात दुःखही होतं आणि नळही होता, दोन्ही एकाच वेळी, आणि त्याला स्वतःला त्यातलं वेगळं काढता आलं नसतं. मी तोंड उघडलं. पेठेपेठेत ओरडणारा मी, पण आवाज निघेना. आपण बोललो तर लोक म्हणतील, ह्याला सगळीकडे भोंगाच दिसतो, असं वाटलं.

आतून गौराक्का बाहेर आल्या. सुतकातल्या बाईनं असं पुरुषांत येऊ नये म्हणून कुणीतरी "अक्का, अक्का" केलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"कुणाच्या नावानं थांबायचं म्हणालात?"

बाबूराव म्हणाला, "अण्णांच्या, वयनी."

"ह्यांच्या नावानं सरकारनंही थांबवल्या होत्या का निवडणुका? तेव्हा तर हे चांगले जिवंत होते." मग त्या जरा हळू बोलल्या. "मी वर्षभर शेवटच्या नंबराचं पाणी भरलं बाबूराव. एकदा तुमच्या दारात येऊन भांडले का? हे म्हणायचे, जून येतोय. तर जून आला पाहिजे की. दुःख माझ्या घरातलं आहे. नळ बाहेर आहे."

मग नरसय्या म्हणाले, "जूनमध्येच करू."

उमेदवार दोनच राहिले, नरसय्या आणि बाबूराव. पद्धत कोणती, म्हणून लोकांनी माझ्याकडे पाहिलं. काही जण म्हणाले, अण्णांची घ्या, त्यांची आठवण. मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडायला बसलो आणि भांडणच होईना. दोनच उमेदवार असले की तुमची पद्धत आणि माझी पद्धत एकच. दोन्हीत ज्याला जास्त मतं तोच येतो. म्हणजे तुम्ही गेल्यावर मला एकतर्फी जिंकायची जी संधी आली होती तीही हुकली. तुमची जागा घ्यायला दुकानदारांतून कुणी उभं राहिलं नाही. तुम्ही असता तर हे तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलं असतं. तिसरं चित्र नसलेला तो कागद बघून मलाही खटकलं, आणि तुमच्या बाजूनं मी एवढंच कबूल करू शकतो.

मतदान झालं. गौराक्का घराबाहेर पडू शकत नव्हत्या, म्हणून मी कागद ओसरीवर नेला आणि पाठ फिरवून उभा राहिलो. मोजणी तुमच्याच दुकानात. ह्या खेपेला मी आवाज लावला नाही, भरभर वाचलं. दया ह्या वर्षी कुणाला आली नसावी. नरसय्या आले, थोडक्यात आले, पण आले.

बाबूराव म्हणाला, "परत मोजा."

मी परत मोजलं. तेच निघालं. तो उठला, टोपी नीट केली आणि खालच्या टोकाला गेला. त्याच्या मागून गिरणीतली चार-पाच दांडगी माणसं गेली. दुकानदारांनी एकमेकांकडे पाहिलं. नरसय्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. उद्या पहाटे नळावर काय होणार, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि हे विचारायला तुम्ही नव्हता.

पहाटे पाणी आलं. नरसय्यांनी क्रम बदलला: आज मधली घरं पहिली, मग वरचं टोक, मग खालचं, आणि रोज फिरतं ठेवायचं. रांग लागली. मला नळाचं काही काम नव्हतं, तरी मी आलो होतो. खालच्या टोकाची माणसं दारात उभी राहून वाट बघत होती, बाबूराव काय करतो म्हणून.

तो आला. वर्षभर रांगेच्या डोक्याशी हात मागे बांधून उभा राहिलेला माणूस, हातात घागर घेऊन आला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि शेवटी जाऊन उभा राहिला. त्याला बघून दारातली माणसं आत गेली आणि आपापल्या घागरी घेऊन त्याच्या मागे रांगेला लागली.

नरसय्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "बाबूराव, पुढं या हो. तुम्ही भरून घ्या."

अख्खी रांग बाजूला सरायला तयार होती.

"न्हाय," बाबूराव म्हणाला. "नंबरानं येतो."

त्याचा नंबर यायला वेळ लागला, अण्णा. तो आला तेव्हा नळाला पाणी होतं.